शेवटचा घोट किती वाजता?

पत्र:

डॉक्टर, माझा मोठा भाऊ ४२ वर्षांचा आहे. दहा-बारा वर्षं रोज पितो. अलीकडे सकाळी उठल्या उठल्या एक पेग पोटात गेल्याशिवाय त्याला दाढीसुद्धा करता येत नाही. गेल्या महिन्यात एका शनिवारी घरात मोठं भांडण झालं. रात्री अकराच्या सुमारास मी उरलेल्या बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या आणि दादाही म्हणाला, "आता बंद म्हणजे बंद." रविवारी सकाळी त्याचे हात थरथरायला लागले. घाम, उलट्या, चिडचिड. दारू मिळावी म्हणून नाटक करतोय, असंच आम्हाला वाटलं. रात्री दहाला टीव्ही बघताना तो एकदम ओरडला, ताठ झाला, खाली पडला आणि हातपाय झटकायला लागला. जीभ चावली गेली, पँट ओली झाली. दीड-दोन मिनिटांत थांबलं, मग गाढ झोपला. सोमवारी दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं, पण त्याआधीच तो कुठूनतरी पिऊन आला आणि तासाभरात ठणठणीत दिसायला लागला. आता पुन्हा सोडायचं म्हणतोय. या वेळी खोलीला बाहेरून कडी घाला आणि चार दिवस उघडू नका, असं त्याचं म्हणणं. आई म्हणते, त्यापेक्षा घोट-घोट पाजून कमी करू. त्याला फिट्सचा आजार जडलाय का? मी बाटल्या ओतल्या म्हणून हे झालं का? आणि पुढच्या वेळी धोका ओळखायचा कसा?
– एक बहीण

उत्तर:

ताई, कडी घालू नका. बाकी सगळं नंतर, आधी एवढं.

दारू थांबवल्यावर ज्याला एकदा फिट आली आहे, त्याने पुन्हा घरच्या घरी, एकट्याने, एकदम दारू सोडायची म्हणजे जिवाशी खेळ आहे. तंबाखू किंवा अफू अचानक सुटली तर माणूस हैराण होतो, पण एरवी धडधाकट असलेला माणूस त्यातून बहुधा सुखरूप बाहेर येतो. दारूचं तसं नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणारा माणूस ती अचानक थांबवताना दगावू शकतो. दादाचा निश्चय खरा असेल, मला त्याबद्दल शंका नाही. पण त्या चार दिवसांत शरीरात जे घडतं, त्यावर निश्चयाचा काडीचाही ताबा नसतो.

आता तुमच्या पत्रातली वेळ बघू. शेवटचा घोट शनिवारी रात्री अकराला. थरथर रविवारी सकाळी, म्हणजे साधारण आठ तासांनी. फिट रविवारी रात्री दहाला, तेविसाव्या तासाला. पाठ्यपुस्तकात जे कोष्टक असतं, ते तुमच्या घरात जवळजवळ जसंच्या तसं उलगडलं. दारू सुटल्याची पहिली लक्षणं सहा ते बारा तासांत येतात: हातांना कंप, घाम, धडधड, मळमळ, डोकेदुखी, उगाचच वाटणारी धास्ती, झोप न लागणं, आवाजाने आणि उजेडाने दचकणं. फिट बहुतेकांना पहिल्या ४८ तासांत येते, कधीकधी सहाव्या-सातव्या तासालाही. सगळ्यात भयंकर टप्पा त्यानंतरचा, दोन ते चार दिवसांच्या दरम्यानचा. तो तुम्ही पाहिलाच नाही, कारण सोमवारी दादा पिऊन आला. त्या टप्प्याकडे मी नंतर येते.

पण मला तुमच्या पत्रातलं सर्वांत बोलकं वाक्य वाटलं ते दाढीचं. सकाळचा तो पेग नशेसाठी नव्हताच. रात्री झोपेत सहा-सात तास दारूविना गेले की त्याचं अंग रोज सकाळी दारू सुटल्याच्या त्रासात जागं होत होतं. पेग घेतला की हात थांबायचे. ज्याला उठल्याबरोबर प्यावी लागते, तो रोज पहाटे या आजाराच्या उंबरठ्यावर असतो. फिट रविवारी आली असली, तरी तिची सूचना कितीतरी आधीपासून मिळत होती.

हे का होतं, तेही सांगते, म्हणजे 'नाटक' हा शब्द घरातून जाईल. मेंदूत शांत करणारे संदेश असतात आणि चेतवणारे असतात. गाबा नावाचं रसायन शांत करतं, ग्लुटामेट चेतवतं. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते. रोजच दाबलं जातंय म्हटल्यावर मेंदू स्वतःला सावरायला उलट दिशेने ओढायला लागतो. गाबाला दाद देणं कमी करतो, ग्लुटामेटचे संदेश झेलणाऱ्या जागा वाढवतो. वर्षानुवर्षांची ही रस्सीखेच. दोन्ही बाजूंचा जोर सारखा, म्हणून दोर जागेवर. पिऊनही माणूस कामाला जातो, हिशेब करतो. मग एका रात्री एका बाजूने दोर सोडला जातो. मेंदूची ओढ मात्र तशीच असते, ती ओसरायला दिवस लागतात. तोवर कंप, घाम, धडधड, भास, फिट.

एकेकाळी डॉक्टरांमध्येही वाद होता की हा सगळा प्रकार दारूच्या विषामुळे होतो, कुपोषणामुळे होतो, की दारू थांबल्यामुळे. १९५५ मध्ये अमेरिकेत हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा पुरुषांना, चांगला आहार आणि जीवनसत्त्वं देऊन, कित्येक दिवस सतत दारू पाजली आणि मग एकदम थांबवली. सर्वाधिक काळ, ४८ ते ८७ दिवस प्यायलेल्या सहा जणांपैकी दोघांना फिट आल्या आणि तिघांना उन्मादासारखा भ्रम झाला. आज असा प्रयोग कोणतीही नीतिसमिती करू देणार नाही, आणि देऊही नये. पण उत्तर मिळालं: खाऊनपिऊन नीट असलेल्या माणसालाही, केवळ दारू थांबल्यामुळे फिट येते.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकते. तोंडाला अजून वास येतोय, म्हणजे हा त्रास दारू सुटल्याचा असूच शकत नाही, असं नातेवाईक ठामपणे सांगतात. रक्तातली दारू शून्यावर यावी लागत नाही. ज्याच्या शरीराला भरपूर दारूची सवय आहे, त्याची पातळी नुसती झपाट्याने खाली येत असली तरी लक्षणं सुरू होतात. पिणं पूर्ण न थांबवता एकदम निम्म्यावर आणलेल्या माणसालाही फिट येऊ शकते.

तुमचा पहिला प्रश्न: फिट्सचा आजार जडला का? तुम्ही वर्णन केलेली फिट दारू सुटल्याच्या फिटेसारखीच आहे. अचानक ओरडणं, आधी अंग ताठ, मग सर्वांगाला झटके, जीभ चावली जाणं, लघवी होणं, एक-दोन मिनिटांत थांबणं आणि नंतर पेंग. अशी फिट फक्त दारू थांबल्यावरच येत असेल, तर त्याला सहसा अपस्मार म्हणत नाहीत आणि वर्षानुवर्षं फिटेच्या गोळ्या घ्याव्या लागत नाहीत. इतकंच काय, फेनिटॉइन हे फिटेवरचं नेहमीचं औषध या फिटा रोखायला उपयोगी पडत नाही. पण हे सगळं 'जर'वर टेकलेलं आहे आणि दादाला अजून एकाही डॉक्टरने पाहिलेलं नाही, हे मला जास्त खटकतं. आयुष्यातल्या पहिल्या फिटेची तपासणी व्हायलाच हवी. पिणारी माणसं पडतात, डोकं आपटतं, मेंदूवर हळूहळू रक्त साचतं आणि कोणाला पत्ता नसतो. साखर घसरलेली असू शकते, सोडियम किंवा मॅग्नेशियम कमी असू शकतं. फिट अंगाच्या एकाच बाजूला आली, ताप किंवा ताठ मान असली, डोक्याला मार लागलेला असला, किंवा शेवटच्या घोटाला दोन दिवस उलटून गेल्यावर पहिलीच फिट आली, तर दारूला दोष देऊन गप्प बसायचं नाही. दुसरं कारण शोधायचं.

या फिटेचा खोडसाळपणा असा की ती कधीकधी फारशी थरथर नसतानाही येते. त्यामुळे हात स्थिर आहेत, म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढू नका. आणि एक येऊन गेली की पुढच्या काही तासांत दुसरी येऊ शकते. तुम्ही सोमवार सकाळची वाट पाहिलीत. यापुढे फिट आली तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच क्षणी अ‍ॅम्ब्युलन्स. १९९९ मध्ये बोस्टनमधल्या डॉक्टरांनी दारूमुळे फिट येऊन इस्पितळात आलेल्या १८६ जणांवर केलेला अभ्यास आहे. काहींना लोराझेपाम या मेंदू शांत करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं, काहींना नुसतं सलाइन. सहा तासांत दुसरी फिट आली ती सलाइनवाल्यांपैकी २४ टक्क्यांना आणि लोराझेपामवाल्यांपैकी ३ टक्क्यांना. एका इंजेक्शनने एवढा फरक पडत असेल, तर घरी झोपवून ठेवण्यात काय शहाणपणा?

गाडी येईपर्यंत काय? घड्याळ बघा, किती मिनिटं चाललंय ते मोजा. आजूबाजूच्या टोकदार, कडक वस्तू हलवा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, गळ्याजवळचं बटण सोडा. झटके दाबून धरू नका. तोंडात काहीही घालू नका; चमचा नाही, बोट नाही, कापड नाही. दात तुटतात, तुकडा श्वासनलिकेत जातो, बोटं चावली जातात, आणि चावलेली जीभ तर आपोआप बरी होते. काही हुंगवायची गरज नाही, फिट तिच्या वेळेनेच थांबते. झटके थांबले की त्याला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडेल. पूर्ण शुद्धीवर येऊन नीट बोलेपर्यंत पाणीसुद्धा पाजू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा मधे शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, तर ती वेगळ्याच पातळीची आणीबाणी; फोनवर तसं स्पष्ट सांगा.

आता तो न पाहिलेला टप्पा. त्याला डिलिरिअम ट्रेमेन्स म्हणतात. थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने १८१३ मध्ये वापरलेलं हे नाव अजून टिकून आहे, वॉर्डात मात्र सगळे 'डी.टी.' म्हणतात. दारू सुटल्याची फिट आलेल्या आणि उपचार न मिळालेल्या लोकांपैकी सुमारे एक तृतीयांश या अवस्थेत जातात. म्हणून दादाच्या खोलीला कडी घालायची कल्पनासुद्धा मला सहन होत नाही. त्याची ही अवस्था यायची तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येणार, म्हणजे नेमकी बंद दाराआड.

ओळखायची कशी? भास आणि भान, या दोन गोष्टी वेगळ्या तपासा. दारू सुटल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी काहींना आवाज ऐकू येतात, भिंतीवर किडे दिसतात, अंगावर काहीतरी चालल्यासारखं वाटतं. पण आपण कुठे आहोत, आज कोणता वार आहे, समोर कोण आहे, हे ते बरोबर सांगतात. दवाखान्यात न्यायला एवढं कारणही पुरेसं आहे. पण डी.टी.मध्ये भानच जातं. घरात बसून कामावर असल्यासारखं बोलेल, बहिणीला भलत्याच नावाने हाक मारेल, हवेतून अदृश्य दोरे ओढत राहील, चादर चिवडेल, कोणी मारायला येतंय म्हणून खिडकीकडे धाव घेईल. दुपारी थोडा शहाण्यासारखा बोलेल, रात्री पुन्हा बिघडेल. जोडीला ताप, घामाच्या धारा, जोरात चालणारी नाडी, वाढलेला रक्तदाब, अनावर थरथर. उपचारांची आजच्यासारखी सोय नव्हती त्या काळात डी.टी. झालेल्यांपैकी एक तृतीयांशापर्यंत माणसं दगावत; आज वेळेवर इस्पितळात पोहोचलेल्यांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आहे. फरक पडतो तो वेळेवर पोहोचण्याने आणि औषधाने.

आता तुमच्या आईंचं म्हणणं. घोट-घोट पाजून घरच्या घरी दारू सोडवणं हा उपचार नाही. मोजमाप राहत नाही, हात सुटतो, आणि आठवड्याभराने तुम्ही जिथे होता तिथेच असता. पण आईंच्या बोलण्यात अर्धं सत्य आहे, आणि व्यसनावर सल्ला देणाऱ्या बाईने हे लिहिणं विचित्र वाटेल, तरी लिहिते: डॉक्टरांची भेट होऊन ठिकाण आणि तारीख ठरेपर्यंत दादाची दारू एकदम तोडू नका. नेहमीपेक्षा वाढवू नका, लपवू नका, ओतून टाकू नका. त्या दोन-चार दिवसांत त्याला पिऊ दिलं म्हणजे तुम्ही हरलात असं नाही. फक्त फिट आली, भान हरपलं किंवा उलट्यांमुळे काहीच पोटात राहत नसेल, तर दारू देऊन वेळ मारून न्यायची नाही, सरळ इस्पितळ गाठायचं.

घरातल्या कोणाच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्याही देऊ नका. इस्पितळात डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम हीच औषधं देतात, हे खरं. दारूने सोडलेला गाबाचा दोर ती तात्पुरता धरतात आणि चार-सहा दिवसांत हळूहळू सैल करतात. पण पोटात दारू असताना अंदाजाने दिलेली हीच गोळी श्वास मंदावते. यकृत खराब असेल, तर औषध कोणतं आणि किती, हा निर्णयही बदलतो. आणि जेवणात गुपचूप मिसळायची 'दारू सोडवायची पावडर' कोणी सुचवली, तर ती दारात उभीही करू नका. माणसाला कळू न देता तसलं औषध पोटात घालणं आणि वर तो दारू प्यायला, की रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

दाखल केल्यावर घाबरू नये म्हणून थोडं सांगते. नर्स दर काही तासांनी दादाला हात पुढे करून बोटं फाकवायला सांगेल, घाम बघेल, मळमळ, अस्वस्थता, भास याबद्दल विचारेल, आजचा वार विचारेल. दहा मुद्द्यांची एक गुणपत्रिका असते, कमाल ६७ गुणांची. पंधराच्या वर गेलं की त्रास गंभीर समजतात आणि औषध त्या बेताने वाढवतात. जीवनसत्त्व बी-१ ची, म्हणजे थायमिनची, इंजेक्शनं देतील. ती टाळायची नसतात. दीर्घकाळ पिणाऱ्यांत थायमिनचा तुटवडा असतो आणि नुसतं ग्लुकोज चढवलं तर तो आणखी उघडा पडू शकतो. डोळे नीट फिरत नाहीत, चाल लडखडते, गोंधळ उडतो: याला वेर्निकेचा आजार म्हणतात. तिन्ही खुणा एकाच वेळी थोड्याच जणांत दिसतात, म्हणून वाट न पाहता आधीच थायमिन देतात. दुर्लक्ष झालं तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

सगळ्यांनाच दाखल व्हावं लागतं, असं नाही. ज्यांना आधी कधी फिट किंवा डी.टी. झालेला नाही, इतर मोठा आजार नाही आणि घरात जबाबदार माणूस आहे, त्यांची दारू डॉक्टर घरी ठेवूनही सोडवतात. दादा त्या यादीत बसत नाही. आधीची फिट हीच पुढच्या फिटेची सर्वांत मोठी खूण असते. शिवाय दारू सोडणं आणि पुन्हा धरणं यांची प्रत्येक फेरी मेंदूला अधिक हळवं करते. मागच्या वेळी नुसती थरथर होती, या वेळी फिट, पुढच्या वेळी डी.टी., असा चढ अनेकांत दिसतो. म्हणून पुढची वेळ नीट ठरवून, उपचारांसकट, आणि मागे न फिरण्याच्या तयारीने व्हायला हवी. अंगातून दारू उतरवणं हा पहिला आठवडा झाला. झोप आणि मन ताळ्यावर यायला पुढचे कित्येक आठवडे लागतात, ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट यांसारखी औषधं आहेत, समुपदेशन आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आहेत. दाखल असतानाच डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. घरी आल्यावर विचारू, असं म्हटलं की ते राहून जातं.

राहिला तुमचा मधला प्रश्न, जो तुम्ही दोन प्रश्नांच्या आड लपवलात. बाटल्या ओतल्यामुळे दारू त्या रात्री थांबली, हे खरं. ती सोडायचं दादाने ठरवलं, हेही खरं. आणि अशा थांबण्याने फिट येते, हे तुम्हाला दोघांनाही कोणी सांगितलं नव्हतं. ज्या मेंदूत ही फिट तयार झाली तो दहा-बारा वर्षांत घडला, त्या रात्री बेसिनपाशी नाही.

तारीख ठरली की एका कागदावर लिहून ठेवा: रोज किती आणि कोणती दारू, सकाळी लागते का, शेवटचा घोट नेमका किती वाजता, फिटेचा दिवस आणि वेळ, आधी कधी भास झाले होते का, डोक्याला मार, यकृताचा किंवा साखरेचा त्रास, चालू असलेल्या गोळ्या, झोपेच्या गोळ्यांसकट. हा कागद दादाच्या पाकिटातही एक असू द्या. उद्या तो अपघातात हाड मोडून किंवा अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला, घरच्यांनी लाजेपोटी दारूचा उल्लेख टाळला आणि तिसऱ्या रात्री तो सलाइन उपटून पळायला लागला, तर ड्यूटीवरचा डॉक्टर आधी भूल, मग जंतुसंसर्ग, मग वेडेपणा अशी कारणं शोधत बसतो. अशा रात्री मी पुष्कळ पाहिल्या आहेत. दारूचं उत्तर दरवेळी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभ्या असलेल्या नातेवाइकांकडे असतं.